वैशाखातली अरुंधती: जोडताऱ्यांबद्दल विचारायचं होतं

खानापूरची_लेक

गेल्या आठवड्यात जांबोटीच्या बाजूला, आमच्या गावात, चुलतबहिणीचं लग्न झालं. गोरज मुहूर्त होता. सप्तपदी झाल्यावर गुरुजींनी नवरानवरीला अंगणात नेलं, मंडपाचे दिवे दोन मिनिटं घालवायला लावले आणि उत्तरेकडं बोट करून ध्रुव आणि अरुंधती दाखवली. इतकी वर्षं लग्नं बघतेय, पण या वेळी पहिल्यांदा मी खरंच वर बघितलं. सप्तर्षी चांगले वर आले होते, शेपटातला मधला तारा ठळक होता आणि त्याच्या अंगाला चिकटून एक बारका ठिपका. मी बघतच राहिले. शेवटी आजी म्हणाली, "काय बघूलालीस गं मघापासनं? पंगत बसली तिकडं."

नंतर एका मामांनी माइकवर मोबाइलमधला मजकूर वाचून दाखवला. त्यात होतं की इतर जोडताऱ्यांमध्ये एक तारा स्थिर असतो आणि दुसरा त्याच्याभोवती फिरतो; वसिष्ठ आणि अरुंधती मात्र दोघंही एकमेकांभोवती फिरतात, म्हणून नवदांपत्याला ते दाखवायचे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मलाही ऐकायला फार छान वाटलं, पण घरी आल्यावर मनात राहून गेलं की हे खरं आहे का? जोडतारे म्हणजे नेमकं काय? इथं कुणाला माहीत असेल तर नीट सांगा, शाळेतल्या विज्ञानापलीकडं माझी मजल नाही.

टिळकवाडीचा_दुर्बीणवाला

ताई, तुम्ही वर बघितलंत याचा मला मनापासून आनंद झाला. गेली पंचवीस वर्षं मी जोडतारेच बघतोय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी तो मजकूर. त्यातलं पहिलंच वाक्य चुकीचं आहे. कुठल्याही जोडीत एक तारा खिळल्यासारखा स्थिर आणि दुसरा त्याच्याभोवती, असं कधीच नसतं. गुरुत्वाकर्षण दोन्हीकडून ओढतं, त्यामुळे दोघंही फिरतात, आणि फिरतात ते दोघांच्या मधल्या एका बिंदूभोवती. पाण्याची कावड आठवा. दोन्ही घागरी सारख्या भरलेल्या असल्या तर खांदा बरोबर मध्ये येतो. एक भरलेली आणि एक अर्धी असेल तर माणूस आपोआप भरलेल्या घागरीकडं सरकतो. जोडताऱ्यांचा गुरुत्वमध्य म्हणजे तो खांदा. जड तारा खांद्याजवळ छोटी फेरी मारतो, हलका तारा लांबून मोठी. फेरीला वेळ मात्र दोघांना तेवढाच लागतो आणि खांद्याच्या दोन बाजूंना ते कायम समोरासमोर असतात. आकाशातल्या यच्चयावत जोड्यांना हाच नियम आहे.

आता वसिष्ठ-अरुंधती. दोघांमधलं अंतर आकाशात सुमारे १२ कला आहे, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त. दोघं आपल्यापासून साधारण ८० ते ८५ प्रकाशवर्षं लांब आहेत आणि अवकाशातून एकाच दिशेनं, एकाच चालीनं चाललेत. सप्तर्षींतले मधले पाच तारे असे एका कळपातले आहेत, एकाच ढगातून जन्मलेले. पण वसिष्ठ आणि अरुंधती एकमेकांना बांधलेले आहेत की नुसते सोबत चाललेत, याचा निकाल अजून पक्का लागलेला नाही. बांधलेले असलेच तर एका फेरीला लाखो वर्षं लागतील. माणसाला ती फेरी डोळ्यांनी दिसणं शक्यच नाही.

खरी गंमत पुढं आहे. वसिष्ठ हा एकटाच दोन आहे. १६१७ साली बेनेडेट्टो कास्टेल्ली या शिष्यानं गॅलिलिओला तो दुर्बिणीतून बघायला सुचवलं, तेव्हा तिथं एकाऐवजी दोन तारे दिसले. ती जोडी १४ विकलांची आहे. एक रुपयाचं नाणं तीनशे मीटरवर धरलं तर जेवढं दिसेल तेवढं हे अंतर. तीसपट मोठं दाखवणाऱ्या साध्या दुर्बिणीतूनही दोन ठिपके स्वच्छ वेगळे होतात, एक थोडा ठळक, एक थोडा मंद. १८५७ साली फोटोत पकडलेली पहिली जोडी हीच.

मलप्रभेकाठचा

सर, माझं शेत कणकुंबीच्या अलीकडं आहे, अंधार भरपूर. माझ्याकडं १० बाय ५० ची द्विनेत्री आहे. त्यातून अरुंधती सुटी दिसते, पण वसिष्ठ एकच दिसतो. डोळ्याचा दोष आहे का?

टिळकवाडीचा_दुर्बीणवाला

डोळ्याचा दोष नाही दादा. दहापटीला १४ विकला सुटायला फार अवघड. तुमच्या शेतात माझी दुर्बीण घेऊन येतो, पावसाच्या आधी एखादा शनिवार ठरवा. तुमच्याकडं पाऊस लागला की ऑक्टोबरपर्यंत आभाळ मिळायचं नाही.

सध्या मे महिन्यात रात्री दहा-साडेदहाला वसिष्ठ बरोबर उत्तरेला, ५१ अंशांवर असतो. आपण १६ अक्षांशाच्या थोडं खाली, म्हणून ध्रुव जेमतेम १६ अंशांवर, झाडांच्या शेंड्यांत. आणि ताई, वैशाखातल्या लग्नात गुरुजी दाखवतात ती अरुंधती खरोखर दिसते. मार्गशीर्षातल्या लग्नात संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, अरुंधती मध्यरात्रीच्या सुमाराला उगवते. तेव्हा जोडपं हात जोडतं ते नुसत्या उत्तर दिशेला.

निपाणीकर

माझी तक्रार उलटी आहे. गेल्या वर्षी मुलासाठी ऑनलाइन दुर्बीण मागवली. खोक्यावर लिहिलं होतं '६०० पट'. त्यातून प्रत्येक तारा जोडच दिसतो! मुलानं चार रात्रींत वहीत बावीस जोडतारे लिहून काढले. मला शंका आली, पण त्याला सांगायचं कसं?

टिळकवाडीचा_दुर्बीणवाला

त्याची वही जपून ठेवा, लिहायची सवय लागली हे मोठं काम झालं.

एक तपासणी त्याच्याकडूनच करून घ्या. दुर्बीण न हलवता नुसतं डोकं एका खांद्याकडं झुकवायचं. ठिपक्यांची जोडी डोक्याबरोबर वळली तर दोष डोळ्यात आहे, चष्म्याचा नंबर तपासा. मग डोळ्याकडचं भिंग नळीत फिरवायचं. जोडी त्याच्याबरोबर फिरली तर भिंग खराब. दोन्ही वेळा जोडी हलली नाही तर दोष मोठ्या भिंगात किंवा आरशात असू शकतो, किंवा जोडी खरी असू शकते. तेव्हा शेजारचा तारा बघायचा. सगळेच तारे एकाच दिशेला, सारख्याच अंतरावर दुहेरी दिसले तर ती दुर्बिणीची करामत. ६०० पट विसरा. पुढचं मोठं भिंग किंवा आरसा ७० मिलिमीटरचा असेल तर १४० पटीपलीकडं जाण्यात अर्थ नाही, प्रतिमा नुसती फुगते. सर्वांत कमी पटीचं भिंग लावून वसिष्ठ बघू दे.

निपाणीकर

केलं. शेजारचे सगळे तारे सारखेच दुहेरी, म्हणजे आरशाचाच दोष. दोन संध्याकाळ बसून मागचे स्क्रू थोडे थोडे फिरवले तेव्हा तारा गोल झाला. बावीसमधले वीस गेले, दोन उरले. उरलेल्यात एक वसिष्ठ आहे. पोरगा पहिल्यांदा हिरमुसला, मग ते दोन उरलेले पाहून इतका खूश झाला की शेजारच्या तिघांना उठवून आणलं.

आता माझा प्रश्न. मी तंबाखूच्या व्यापारात, माझा जन्म वजनकाट्यापाशी गेला. ताऱ्याचं वजन सूर्याच्या दुप्पट, तिप्पट असं वाचतो. काटा कुठं लावतात?

टिळकवाडीचा_दुर्बीणवाला

हा प्रश्न यावा अशी मी वाट बघत होतो. काटा जोडीलाच लावतात. एकट्या ताऱ्याचा रंग कळतो, उजेड कळतो, पण त्याला ओढणारं किंवा तो ज्याला ओढतो असं काही शेजारी नसेल तर त्याचं वस्तुमान थेट मोजायची सोय नाही. जोडतारा सापडला की सोय होते, कारण किती अंतरावरून किती वेळात फिरतात हे त्यांच्या एकत्रित वजनावर ठरतं. केप्लरचा तिसरा नियम: पृथ्वी-सूर्य अंतराच्या मापात दोन ताऱ्यांमधलं सरासरी अंतर घ्या, त्याचा घन करा, त्याला फेरीच्या वर्षांच्या वर्गानं भागा. उत्तर येतं दोघांचं मिळून वजन, सूर्याच्या मापात.

व्याध घ्या, हिवाळ्यातला सर्वांत तेजस्वी तारा, साडेआठ प्रकाशवर्षांवरचा. त्याची आणि त्याच्या सोबत्याची फेरी ५० वर्षांची, अंतर सरासरी २०. वीसाचा घन ८०००. पन्नासाचा वर्ग २५००. भागाकार ३.२. बारकाईनं मोजलेलं वजन ३.१ आहे. काडीपेटीमागं करता येण्याजोग्या हिशेबात एवढं जवळ जाता येतं! मग कावड बघायची. व्याध खांद्यापासून एक हात तर सोबती दोन हात. म्हणजे व्याध दोन सूर्यांएवढा आणि सोबती एका सूर्याएवढा.

त्या सोबत्याची हकिकत सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. १८४४ साली बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षांची मोजमापं लावून पाहिली, तर व्याध आकाशात सरळ न जाता नागमोडी चालत होता. त्यांनी सांगितलं की त्याच्याबरोबर न दिसणारं काहीतरी जड आहे. कावडवाला अंधारात चालताना एका बाजूला झुकलेला दिसला तर दुसरी घागर न दिसताही आहे हे आपण ओळखतो, तसंच हे. तो सोबती दिसला अठरा वर्षांनी, ३१ जानेवारी १८६२ रोजी, अमेरिकेत अल्व्हन ग्रॅहम क्लार्क साडेअठरा इंचाचं नवं भिंग तपासत होते तेव्हा. पुढं त्याचा आकार काढला तर जेमतेम पृथ्वीएवढा. सूर्याएवढं वजन पृथ्वीएवढ्या गोळ्यात! श्वेतबटू ताऱ्यांची ओळख माणसाला अशा जोड्यांतून झाली.

खानापूरची_लेक

सर, मी हे आजीला वाचून दाखवलं. कावडीपर्यंत तिनं मान डोलावली, बटूपाशी म्हणाली, "एवढं जड पोरगं बापाच्या कडेवर कसं?" मी निरुत्तर.

टिळकवाडीचा_दुर्बीणवाला

आजींनी नेमकं बोट ठेवलंय. ते पोरगं नाहीच, एके काळी तोच थोरला होता. जड तारा इंधन लवकर जाळतो, लवकर म्हातारा होतो, फुगतो आणि बाहेरचे थर उधळून टाकतो. आत उरतो तो गाभा. व्याधाचा सोबती आधी व्याधाहून जड होता, आता त्याचं फक्त हाड उरलंय.

चिकोडीचे_मास्तर

मी कन्नड आणि मराठी दोन्ही माध्यमांच्या मुलांना विज्ञान शिकवतो. "जोडी नक्षत्र" म्हटलं की दोन्ही बाकांवर एकदम कळतं, त्या शब्दाला भाषांतर लागत नाही. पण मुलं विचारतात की दुर्बिणीतही न सुटणारी जोडी असते म्हणतात, ती कळते कशी? वसिष्ठाबद्दलच विचारतात, कारण पुस्तकात त्याला दोनहून जास्त तारे आहेत असं आहे.

टिळकवाडीचा_दुर्बीणवाला

मास्तर, खानापूर स्टेशनातून न थांबता जाणारी गाडी आठवायला सांगा. येताना शिट्टी बारीक, पुढं गेली की जाड. उजेडाचंही तसंच. तारा आपल्याकडं येत असेल तर वर्णपटातल्या काळ्या रेषा निळ्या बाजूला सरकतात, लांब जात असेल तर तांबड्या बाजूला. १८८९ साली हार्वर्डच्या पिकरिंग यांनी जाहीर केलं की वसिष्ठाच्या दोन ठिपक्यांपैकी ठळक ठिपक्याच्या रेषा कधी एकेरी तर कधी दुहेरी दिसतात. एक तारा येतोय, दुसरा जातोय, म्हणून दुहेरी. दोघं आडवे चालत असले की रेषा पुन्हा एक. फेरी साडेवीस दिवसांची. मंद ठिपकाही तसाच जोड निघाला, त्याची फेरी सुमारे १७५ दिवसांची. अरुंधतीलाही एक मंद तांबडा सोबती आहे, तो २००९ साली सापडला. दोन, दोन आणि दोन, म्हणजे त्या अंगणातून दिसलेल्या दोन ठिपक्यांत सहा तारे आहेत. ध्रुवही एकटा नाही, त्याचे दोन सोबती आहेत. त्यातला एक इतका चिकटलेला की हबल या अवकाशातल्या दुर्बिणीच्या फोटोतच तो सुटा दिसला.

आपल्याकडं स्थूलारुंधतीन्याय म्हणतात ना, आधी जवळचा मोठा तारा दाखवायचा आणि मग त्याच्या आधारानं बारकी अरुंधती. जोडताऱ्यांचं शास्त्र त्याच वाटेनं चाललंय. डोळ्याला दिसणारा आधी, मग दुर्बिणीतला, मग वर्णपटातला.

एक इशाराही देतो. दोन तारे जवळ दिसले म्हणजे ते जोडच असतात असं नाही. एक पुढं, एक फार मागं, आणि आपल्या नजरेच्या रेषेत आले म्हणून शेजारी दिसले, असंही होतं. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांना असेच योगायोगाचे शेजारी हवे होते, ताऱ्यांचं अंतर मोजायला. म्हणून त्यांनी जोड्यांच्या याद्या केल्या. वीस-पंचवीस वर्षांनी तेच तारे पुन्हा मोजले, तर पुनर्वसूतला ठळक जोडतारा खरोखर एकमेकांभोवती वळलेला आढळला. १८०३ साली त्यांनी ते मांडलं. न्यूटनचं गुरुत्वाकर्षण सूर्यमालेबाहेरही चालतं याचा तो पहिला डोळ्यांनी दिसलेला पुरावा. हंस तारकासमूहाच्या चोचीतला सोनेरी-निळा तारा दिसायला सगळ्या आकाशात देखणा, पण तो खरा जोड आहे का याबद्दल अलीकडच्या मोजमापांनी शंका वाढवली आहे. तरी दसऱ्यानंतर राजहंसगडावरून हा हंस एकदा बघाच.

मलप्रभेकाठचा

शनिवारी सर आले होते, ताई आजींना घेऊन आल्या होत्या, निपाणीकर दोन्ही पोरांसह. आजींच्या डोळ्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालंय. खुर्चीवर बसवून दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग विचारलं, "दोन हाईत. ह्यातला वसिष्ठ कंचा?" सर म्हणाले, नाव दोघांचं मिळून आहे.

रात्री साडेअकराच्या सुमाराला दक्षिणेला, काजूच्या झाडांच्या वर, नरतुरंग तारकासमूहातला मित्र तारा दिसला, क्षितिजापासून १३ अंश, मूठ आणि वर दोन बोटं. सूर्याचा सर्वांत जवळचा ठळक शेजारी, ४.४ प्रकाशवर्षांवर. दुर्बिणीत तोही जोड निघाला, पिवळसर दोघं. हे जोडपण पहिल्यांदा १६८९ साली आपल्याच देशात, पुदुच्चेरीत, रिशो नावाच्या फ्रेंच पाद्र्यांनी पाहिलं असं सरांनी सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला. फेरी ८० वर्षांची. निपाणीकरांच्या पोरानं तिथंच वाळूत हिशेब केला, अंतर साडेतेवीस धरून. उत्तर दोन सूर्य!

त्याचा पुढचा प्रश्न होता, दोन सूर्यांच्या गावात राहता येतं का? दोन्ही सूर्यांना मिळून फेरी घालणारा ग्रह २०११ साली सापडलाय, केप्लर-१६बी. त्याचे सूर्य ४१ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात आणि ग्रह २२९ दिवसांत दोघांभोवती. तिथं उभं राहायला जमीन मात्र नाही, शनीसारखा वायूचा गोळा आहे.

चिकोडीचे_मास्तर

धागा वर काढतोय. पाऊस संपला, दिवाळी झाली, आभाळ स्वच्छ आहे.

सरांनी मे महिन्यातच सांगून ठेवलं होतं की ययाती तारकासमूहातला मायावती हा तारा दुर्बिणीशिवाय मुलांना दाखवा. काल शाळेच्या गच्चीवर अकरा मुलं बसवली. शेजारच्या देवयानी तारकासमूहाच्या टोकाचा तारा तुलनेला घेतला, कारण एरवी मायावती जवळपास तेवढीच ठळक असते. साडेसातला मुलं म्हणाली, "थोडीच कमी." नऊला सगळ्यांनी मान्य केलं की बरीच कमी. साडेदहाला ती ओळखू येईना, दोघांनी तर दुसऱ्याच ताऱ्यावर बोट ठेवलं. साडेबाराला परत चढलेली होती. एक मंद, मोठा तारा ठळक ताऱ्यासमोरून जातो, दहा तासांचं ग्रहण. २.१ प्रतीची मायावती ३.४ पर्यंत उतरते (प्रत म्हणजे ठळकपणाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद). दोन दिवस २० तास ४९ मिनिटांनी हे पुन्हा होतं.

मुलांना मी जॉन गुडरिक यांच्याबद्दल सांगितलं. लहानपणापासून ऐकू न येणारा मुलगा, १७८३ साली वयाच्या अठराव्या वर्षी त्यानं हा काळ मोजला आणि एखादी काळोखी वस्तू समोरून जात असावी हेही सुचवलं. एकविसाव्या वर्षी तो गेला. आमच्या वर्गातली एक मुलगी कानाला यंत्र लावते. ती काही बोलली नाही, पण रात्री बारानंतर गच्चीवर तीच जागी होती, वहीत वेळा लिहीत.

टिळकवाडीचा_दुर्बीणवाला

मास्तर, त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. तिच्या वहीतल्या वेळा इथं टाका, मी आलेख काढतो.

मायावतीत एक कोडंही आहे, मुलांना घाला. तिथं फुगलेला, म्हातारा तारा वजनानं हलका आहे, ०.७ सूर्य; आणि तरणा तारा ३.२ सूर्य. आजींना सांगितलेल्या नियमाप्रमाणं जड तारा आधी म्हातारा व्हायला हवा. झालं असं की म्हातारा आधी थोरला होता. फुगत गेला तसं त्याचं बाहेरचं द्रव्य शेजाऱ्याच्या ओढीत सापडलं आणि तिकडं वाहून गेलं. थोरल्याची जमीन हळूहळू धाकट्याच्या सातबाऱ्यावर चढली. एकट्या ताऱ्याच्या नशिबात असं काही नसतं, हे फक्त जोडीत घडतं. असाच ओघ एखाद्या श्वेतबटूवर पडत राहिला आणि वजन १.४ सूर्यांच्या आसपास, म्हणजे चंद्रशेखर यांनी दाखवलेल्या मर्यादेशी पोचलं, तर तो अख्खा तारा स्फोटात जातो.

खानापूरची_लेक

मास्तर, तुमचं ग्रहण सोमवारी साडेदहाचं. मी बोटांवर मोजलं, पुढचं गुरुवारी संध्याकाळी ७ वाजून १९ मिनिटांना येतंय. बरोबर ना? तेव्हा आजी जागी असते. चिकोडीला यायला गाडी बघतेय, गच्चीचा जिना किती पायऱ्यांचा आहे तेवढं सांगा.

चिकोडीचे_मास्तर

बरोबर. अठरा पायऱ्या, एका बाजूला कठडा आहे. खुर्ची वर नेऊन ठेवतो. सहाला या.